कर्क नवा, स्पॉक नवा. वाद मात्र जुनाच!

एखादी भूमिका कोणाची असते? ती लिहिणाऱ्या लेखकाची, ती जगणाऱ्या नटाची, की तिच्यावर वर्षानुवर्षे जीव लावणाऱ्या प्रेक्षकाची? हॉलिवूडच्या विज्ञानपटांच्या दुनियेत हा प्रश्न अधूनमधून उफाळून येतो. मात्र तो सर्वाधिक तीव्रतेने विचारला गेला तो ‘स्टार ट्रेक’च्या निमित्ताने. जे. जे. अब्राम्स दिग्दर्शित ‘स्टार ट्रेक’ ८ मे २००९ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झाला. तत्पूर्वी सुमारे दोन वर्षे या मालिकेचे चाहते एकाच मुद्द्यावर हिरिरीने भांडत होते. कॅप्टन कर्क आणि मिस्टर स्पॉक या भूमिकांत विल्यम शॅटनर आणि लिओनार्ड निमॉय यांच्याखेरीज अन्य कोणाला पाहणे शक्य तरी आहे काय, हा तो मुद्दा. त्या वादाला आता बराच काळ लोटला आहे. पण त्यातून पुढे आलेले प्रश्न आजही चित्रपटसृष्टीची पाठ सोडायला तयार नाहीत.

रिबूट म्हणजे काय?

‘रिबूट’ हा शब्द संगणकाच्या दुनियेतून आला. अडकलेला संगणक बंद करून नव्याने सुरू करावा, त्याप्रमाणे थकलेली चित्रपटमालिका पुन्हा पहिल्या पानापासून सांगायला घेणे, हा त्याचा चित्रपटसृष्टीतील अर्थ. पुढचा भाग काढताना जुनी कथा आणि जुने नट सोबत येतात. रिमेकमध्ये एकच कथा नव्याने सांगितली जाते. रिबूटमध्ये मात्र पात्रे तीच राहतात. त्यांचे वय, त्यांचा प्रवास आणि मुख्य म्हणजे त्यांचे चेहरे बदलतात. वादाची ठिणगी पडते ती इथेच.

चेहरे बदलणे ही तशी नवी गोष्ट नव्हे. जेम्स बाँडची भूमिका शॉन कॉनरीने १९६२ मध्ये रुजवली आणि त्यानंतर ती अनेक नटांकडे गेली. ब्रिटिश दूरचित्रवाणीवरील ‘डॉक्टर हू’ या मालिकेने तर १९६६ मध्ये एक नामी युक्ती योजली. नायक परग्रहवासी असल्याने मरणाच्या दारात तो नवे शरीर धारण करतो, असे कथेतच सांगून विल्यम हार्टनेलच्या जागी पॅट्रिक ट्राऊटनला आणण्यात आले. तेव्हापासून नट बदलणे हा त्या मालिकेचा सोहळाच होऊन बसला. गंमत अशी, की त्याच १९६६ साली सुरू झालेल्या ‘स्टार ट्रेक’ला मात्र हे पाऊल उचलायला चार दशके लागली.

नट आणि पात्र यांचे अद्वैत

जीन रॉडनबेरी यांनी निर्माण केलेली ही मालिका अमेरिकेच्या एनबीसी वाहिनीवर ८ सप्टेंबर १९६६ रोजी सुरू झाली. ‘एंटरप्राइज’ नावाचे अंतराळयान, त्यावरील बहुवंशीय चमू आणि अज्ञात ग्रहताऱ्यांचा शोध ही तिची मांडणी. प्रेक्षकसंख्येच्या हिशेबात ती फारशी यशस्वी ठरली नाही. दुसऱ्या वर्षाअखेर ती बंद पडण्याची चिन्हे दिसताच चाहत्यांनी वाहिनीकडे पत्रांचा पाऊस पाडला आणि तिला तिसऱ्या वर्षाचे आयुष्य मिळवून दिले. अखेर ७९ भागांनंतर १९६९ मध्ये मालिका संपली. पण पुनःप्रक्षेपणातून तिचा चाहतावर्ग वाढतच गेला. १९७९ पासून १९९१ पर्यंत त्याच नटसंचाचे सहा चित्रपट आले.

याचा अर्थ असा, की सलग पंचवीस वर्षे त्याच सात नटांनी त्याच सात भूमिका केल्या. शॅटनरचा कर्क, निमॉयचा स्पॉक, डिफॉरेस्ट केलीचा डॉ. मॅकॉय, निशेल निकोल्सची उहुरा, जेम्स डूहानचा स्कॉटी, जॉर्ज ताकेईचा सुलू आणि दुसऱ्या वर्षापासून वॉल्टर केनिगचा चेकॉव्ह. प्रेक्षकांनी त्यांना तरुणपणापासून केस पिकेपर्यंत पाहिले होते. साहजिकच नट कोठे संपतो आणि पात्र कोठे सुरू होते, ही सीमारेषाच पुसली गेली. खुद्द निमॉय यांनी १९७५ मध्ये आत्मकथन लिहिले, तेव्हा त्याचे शीर्षक ‘आय ॲम नॉट स्पॉक’ असे होते. वीस वर्षांनी आलेल्या दुसऱ्या पुस्तकाचे शीर्षक मात्र होते ‘आय ॲम स्पॉक’. भूमिकेपासून सुटका करून घेऊ पाहणाऱ्या नटाने अखेर तिच्याशी केलेला समझोताच या दोन शीर्षकांत दिसतो.

चाहत्यांच्या विरोधामागे आणखी एक भक्कम कारण होते. स्पॉकचे व्यक्तिमत्त्व केवळ लेखकांच्या कागदावर घडले नव्हते. मधली दोन बोटे फाकून केला जाणारा व्हल्कन अभिवादनाचा हात निमॉय यांनी सुचवला. लहानपणी ज्यू प्रार्थनामंदिरात पाहिलेल्या आशीर्वादाच्या मुद्रेवरून त्यांना तो सुचला होता. शत्रूच्या मानेवर बोटे दाबून त्याला बेशुद्ध करण्याची क्लृप्तीही त्यांचीच. शांतताप्रिय स्पॉकने बंदुकीच्या दस्त्याने कोणाच्या डोक्यात प्रहार करणे त्यांना रुचले नव्हते. ज्या नटाने भूमिकेत स्वतःच्या आयुष्याचा असा अंश ओतला, त्याला बाजूला सारून ती दुसऱ्याला देणे म्हणजे एखाद्याच्या घरातून त्यालाच बाहेर काढण्यासारखे आहे, अशी कडव्या चाहत्यांची भावना होती.

दोनदा फसलेला बेत

निर्मात्यांनी याआधी बदलाचा विचार केलाच नव्हता, असे नाही. १९७७ मध्ये ‘फेज टू’ या नावाने नवी मालिका काढण्याची तयारी सुरू झाली. निमॉय त्यात काम करण्यास राजी नव्हते. तेव्हा स्पॉकसाठी दुसरा नट न शोधता झॉन नावाचे नवे व्हल्कन पात्र लिहिण्यात आले. म्हणजे स्पॉकची जागा भरता येईल, पण स्पॉक दुसऱ्याला देता येणार नाही, हे निर्मात्यांनाही मान्य होते. ती मालिका प्रत्यक्षात आली नाही. तिच्या पायावर १९७९ चा पहिला चित्रपट उभा राहिला आणि निमॉय परतले. मुंबईकरांसाठी या चित्रपटाची एक खास आठवण आहे. १९६५ ची ‘मिस इंडिया’, मुंबईची पर्सिस खंबाटा हिने त्यात मुंडण करून लेफ्टनंट इलियाची भूमिका केली होती.

दुसरा प्रयत्न १९९० च्या सुमारास झाला. निर्माते हार्व्ह बेनेट यांनी कर्क, स्पॉक आणि मॅकॉय यांच्या प्रशिक्षणकाळावर तरुण नटांना घेऊन चित्रपट काढण्याची योजना मांडली. चाहत्यांत आणि जुन्या नटांत तिच्याविरुद्ध नाराजी पसरली आणि योजना बासनात गेली. तिच्याऐवजी १९९१ मध्ये जुन्याच संचाचा निरोपाचा चित्रपट आला.

मग २००७ मध्ये असे काय बदलले? उत्तर अर्थकारणात आहे. २००२ चा ‘नेमेसिस’ हा पुढच्या पिढीच्या नटसंचाचा चित्रपट तिकीटबारीवर आपटला होता. ‘एंटरप्राइज’ ही दूरचित्रवाणी मालिका २००५ मध्ये बंद झाली आणि १९८७ नंतर प्रथमच छोट्या पडद्यावर नवी ‘स्टार ट्रेक’ उरली नाही. दरम्यान डिफॉरेस्ट केली १९९९ मध्ये आणि जेम्स डूहान २००५ मध्ये निवर्तले होते. उरलेले कलावंत सत्तरीत पोहोचले होते. कर्क आणि स्पॉक यांना पुन्हा तरुणपणी पडद्यावर आणायचे तर नवे चेहरे अपरिहार्य होते. अन्यथा ही पात्रे जुन्या फितींतच राहिली असती.

दोन तट

या टप्प्यावर चाहत्यांत सरळ दोन तट पडले. विरोधकांचे म्हणणे असे, की या भूमिका शेक्सपिअरच्या हॅम्लेटसारख्या नाहीत. हॅम्लेट आधी लिहिला गेला आणि नट नंतर आले. कर्क आणि स्पॉक मात्र विशिष्ट नटांच्या आवाजातून, चालीतून, भुवई उंचावण्याच्या लकबीतून घडले. ते वजा केले, तर उरते फक्त नाव. शिवाय तरुण आणि देखणे चेहरे घेण्यामागे विचारप्रधान मालिकेला मारधाडपट बनवण्याचा डाव आहे, असा त्यांचा संशय होता.

समर्थकांचा युक्तिवादही तितकाच सबळ होता. मुळात ‘एंटरप्राइज’चा पहिला कप्तान कर्क नव्हताच, याकडे ते बोट दाखवीत. पहिल्या प्रायोगिक भागात जेफ्री हंटर हा कॅप्टन पाइक होता. वाहिनीने तो भाग नाकारला, दुसरा बनवताना शॅटनर आला आणि पहिल्या संचातून स्पॉक तेवढा टिकला. म्हणजे ही मालिका जन्मली तीच नटबदलातून. १९८२ आणि १९८४ च्या चित्रपटांत सॅव्हिक या व्हल्कन तरुणीची भूमिका आधी कर्स्टी ॲलीने आणि नंतर रॉबिन कर्टिसने केली होती. तेव्हा आकाश कोसळले नव्हते. आणि सर्वांत मार्मिक मुद्दा म्हणजे चाहते स्वतःच हे करीत होते! २००४ पासून ‘न्यू व्हॉयेजेस’ या नावाने हौशी मंडळी पदरमोड करून जुन्या मालिकेचे नवे भाग चित्रित करीत होती आणि त्यात कर्क, स्पॉक, मॅकॉय या भूमिका नवेच लोक साकारत होते. जॉर्ज ताकेई आणि वॉल्टर केनिग यांनीही त्यांतील काही भागांत आपापल्या भूमिका केल्या. जे चाहत्यांना चालते, ते स्टुडिओने केले तर पाप कसे, असा हा सवाल होता.

तोडगा कसा निघाला?

अब्राम्स आणि लेखकद्वय रॉबर्टो ऑर्सी व ॲलेक्स कर्ट्झमन यांनी या पेचातून काढलेली वाट अभ्यासण्याजोगी आहे. त्यांनी जुनी कथा पुसली नाही. भविष्यातून नीरो नावाचा खलनायक भूतकाळात येतो आणि कर्कच्या जन्मदिवशीच त्याच्या वडिलांच्या मृत्यूला कारणीभूत ठरतो. तेथून इतिहासाला वेगळा फाटा फुटतो. त्यामुळे नवा कर्क हा जुन्या कर्कचा पर्याय नसून वेगळ्या काळप्रवाहातील दुसरी व्यक्ती ठरतो. शॅटनरचा कर्क आपल्या जागी अबाधित राहतो. विज्ञानकथेतील ‘समांतर विश्व’ ही कल्पना येथे चक्क चाहत्यांचे समाधान करण्यासाठी वापरण्यात आली.

दुसरी खेळी भावनिक होती. जुलै २००७ मध्ये सॅन दिएगो येथील कॉमिक-कॉन मेळाव्यात नवा स्पॉक म्हणून झॅकरी क्विन्टोचे नाव जाहीर झाले, तेव्हा त्याच्या शेजारी दस्तुरखुद्द निमॉय उभे होते. चित्रपटातही त्यांनी वृद्ध स्पॉक साकारला. ज्याच्या हातून भूमिका काढून घेतली जात असल्याची ओरड होती, त्यानेच ती आपल्या हाताने पुढे सोपवली. शॅटनरला मात्र या चित्रपटात स्थान मिळाले नाही. १९९४ च्या ‘जनरेशन्स’मध्ये कर्कचा मृत्यू दाखवला गेला होता आणि तो ओलांडणारी पटण्याजोगी वाट लेखकांना सापडली नाही. शॅटनरने आपली नाराजी जाहीरपणे बोलून दाखवली आणि विरोधकांना आणखी एक कारण मिळाले.

नक्कल की नवनिर्मिती?

नव्या नटांपुढचे आव्हान अवघड होते. हुबेहूब नक्कल केली तर विडंबन होणार. काहीच साम्य ठेवले नाही तर पात्र ओळखू येणार नाही. प्रत्येकाने आपापली वाट निवडली. न्यूझीलंडच्या कार्ल अर्बनने मॅकॉयचा चिडका सूर आणि बोलण्याची धाटणी जवळजवळ तशीच उचलली आणि केलीच्या चाहत्यांनी त्याला डोक्यावर घेतले. ख्रिस पाइनने शॅटनरची थांबत थांबत बोलण्याची प्रसिद्ध लकब टाळली आणि कर्कचा उतावळेपणा तेवढा घेतला. झोई साल्डानाच्या उहुराला मूळ मालिकेपेक्षा अधिक काम मिळाले. पडद्यावर तिचे ‘न्योटा’ हे पहिले नाव प्रथमच उच्चारले गेले.

जॉन चोची गोष्ट वेगळी होती. ताकेई जपानी वंशाचे, तर चो कोरियन वंशाचा. जपानी-अमेरिकी नटाने गाजवलेली भूमिका आपण स्वीकारावी का, असा संकोच त्याच्या मनात होता. सुलू हा केवळ जपानचा नव्हे, तर साऱ्या आशियाचा प्रतिनिधी म्हणून कल्पिलेला आहे, असे सांगून ताकेई यांनीच त्याला निश्चिंत केले. ‘सुलू’ हे नावही फिलिपिन्सजवळच्या समुद्रावरून घेतलेले आहे. चेकॉव्हच्या बाबतीत उलटाच योग जुळून आला. मूळ मालिकेत रशियन चेकॉव्ह साकारणारे केनिग शिकागोत जन्मले होते. नवा चेकॉव्ह अँटन येल्चिन मात्र खरोखरच लेनिनग्राडमध्ये जन्मलेला होता.

निकाल प्रेक्षकांनी दिला. चित्रपटाने जगभरात सुमारे ३८.५ कोटी डॉलरची कमाई केली आणि २०१० मध्ये उत्कृष्ट रंगभूषेसाठी या चित्रपटमालिकेला पहिलेवहिले ऑस्कर मिळवून दिले. विरोधाची धार बरीच बोथट झाली. पण केवळ चार वर्षांसाठी.

खान नूनियन सिंग

२०१३ च्या ‘स्टार ट्रेक इन्टू डार्कनेस’ने वाद पुन्हा पेटवला आणि या वेळी त्याचा धागा थेट भारताशी जुळलेला होता. खान नूनियन सिंग हा या मालिकेतील सर्वांत गाजलेला खलनायक. १९६७ च्या भागात तो उत्तर भारतातील, बहुधा शीख असावा, असा उल्लेख येतो. ही भूमिका तेव्हा आणि १९८२ च्या चित्रपटातही मेक्सिकन नट रिकार्डो माँटेलबान याने केली होती. २०१३ मध्ये ती इंग्लंडच्या बेनेडिक्ट कंबरबॅचकडे गेली. खुलासा होऊ नये म्हणून प्रसिद्धीत त्याचे नाव ‘जॉन हॅरिसन’ असे सांगण्यात आले होते.

आक्षेप कंबरबॅचच्या अभिनयाला नव्हता. साठच्या दशकात हॉलिवूडला भारतीय नट सापडला नाही, हे एकवेळ समजून घेता येईल. पण एकविसाव्या शतकात ‘सिंग’ आडनावाच्या पात्रासाठी गोरा नट घ्यावा, हे त्या मालिकेच्या सर्ववंशसमभावाशी विसंगत नव्हे काय, असा चाहत्यांचा रोकडा सवाल होता. पुढे एका चित्रकथा-मालिकेत खानचा चेहरा बदलण्यात आल्याचे स्पष्टीकरण देण्यात आले. पण ते उशिरा सुचलेले शहाणपण ठरले. चित्रपटाने सुमारे ४६.७ कोटी डॉलर मिळवले, म्हणजे पहिल्यापेक्षाही अधिक. तरीही त्याच वर्षी लास व्हेगासच्या मेळाव्यात जमलेल्या चाहत्यांनी त्याला मालिकेतील सर्वांत वाईट चित्रपट ठरवले. तिकीटबारीचा कौल आणि चाहत्यांचा कौल एकच असतो, या समजुतीला यातून चांगलाच तडा गेला.

रंगभूमीचा दाखला

मराठी प्रेक्षकाला हा सारा वाद काहीसा नवलाचा वाटू शकतो. आपल्या रंगभूमीवर संचात बदल होणे ही नित्याची बाब. ‘नटसम्राट’मधील गणपतराव बेलवलकर १९७० मध्ये डॉ. श्रीराम लागू यांनी उभा केला. पुढे दत्ता भट यांनी तो आपल्या पद्धतीने साकारला आणि २०१६ च्या चित्रपटात नाना पाटेकर यांनी. तुलना झाली, आवडीनिवडी ठरल्या, घराघरांत वादही रंगले. पण अप्पासाहेब दुसऱ्या कोणी करूच नयेत, असे सहसा कोणी म्हटले नाही.

फरक माध्यमाचा आहे. नाटकाचा प्रयोग पडदा पडताच संपतो. मागे उरते ती आठवण, आणि आठवण नव्या नटाला थोडी जागा करून देते. चित्रपटातला नट मात्र कधीच मावळत नाही. १९६६ चा शॅटनर आजही पस्तिशीतलाच आहे आणि बटण दाबताच समोर हजर होतो. नव्या कर्कची स्पर्धा कोणाच्या आठवणीशी नसून जिवंत वाटणाऱ्या, कधीही म्हातारा न होणाऱ्या प्रतिमेशी असते.

पुढे काय?

काळाच्या ओघात या वादाने आणखी वळणे घेतली. ‘डिस्कव्हरी’ या मालिकेत २०१९ मध्ये ईथन पेक हा नवा स्पॉक आला. २०२२ पासूनच्या ‘स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स’मध्ये सिलिया रोझ गुडिंग ही उहुरा आणि पॉल वेस्ली हा कर्क झाला, २०२३ मध्ये स्कॉटीच्या भूमिकेत मार्टिन क्विन हा खराखुरा स्कॉटिश नट दिसला. विशेष म्हणजे येथे समांतर विश्वाची ढाल वापरलेली नाही; हे सारे शॅटनर-निमॉय यांच्याच काळप्रवाहातील असल्याचे निर्माते सांगतात. तरीही २००७ सारखा गदारोळ झाला नाही. पहिला बदल पचवणे अवघड जाते. तिसऱ्या नटापर्यंत भूमिका नटाच्या मालकीची न राहता परंपरेची होते, असाच याचा अर्थ.

दुसरीकडे चेहरे बदलण्याऐवजी मृत नटालाच संगणकाच्या साह्याने पडद्यावर आणण्याचा मार्गही खुला झाला. १९९४ मध्ये निधन पावलेले पीटर कुशिंग २०१६ च्या ‘रोग वन’ या ‘स्टार वॉर्स’पटात पुन्हा दिसले, अभिनय दुसऱ्या नटाचा आणि चेहरा कुशिंग यांचा. नटबदलाला विरोध करणाऱ्यांना हे समाधान वाटेल काय? २०२३ मध्ये अमेरिकेतील अभिनेत्यांनी ११८ दिवस संप पुकारला, तेव्हा कलावंताच्या संगणकीय प्रतिकृतीचा वापर हा त्यातील एक कळीचा मुद्दा होता. जुना चेहरा कायम राखण्याचा आग्रह धरला, तर त्याची किंमत एखाद्या नव्या नटाच्या संधीत मोजावी लागू शकते, हे भान या संपाने दिले.

मात्र प्रत्येक जागा भरलीच पाहिजे, असेही नाही. जून २०१६ मध्ये अँटन येल्चिनचा वयाच्या अवघ्या २७ व्या वर्षी अपघाती मृत्यू झाला. त्यानंतर आपल्या चित्रपटांत चेकॉव्हची भूमिका दुसऱ्या कोणाला दिली जाणार नाही, असे अब्राम्स यांनी जाहीर केले. पुढच्या अनेक वर्षांत त्या संचाचा चौथा चित्रपट उभा राहू शकला नाही, त्यामुळे या शब्दाची कसोटी लागली नाही. पण नऊ वर्षांपूर्वी ज्या तरुणाला ‘हा आमचा चेकॉव्ह नव्हे’ म्हणून काहींनी नाकारले होते, त्याच्या जागी आता दुसरा नको, अशीच चाहत्यांचीही भावना होती. परका म्हणून आलेला नट घरचा झाला होता. नव्या नटांविषयी पुढे जेव्हा केव्हा वाद झडतील, तेव्हा दोन्ही तटांनी एवढे तरी ध्यानात ठेवायला हरकत नाही.